आडातलं पोहऱ्यात : नवशिक्या जालनेकरांसाठी गाडी-कोडिंगची मार्गदर्शिका

नवी गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात ती राजूरच्या गणपतीला नेऊन आणतात, दुसऱ्या महिन्यात तिला पहिला ओरखडा पडतो आणि तिसऱ्या महिन्यात अंबडचे दाजी मुक्कामाला येऊन सांगतात, "तुमच्या गाडीत कंपनीनं लई फीचर दडवून ठेवलेत. लॅपटॉप लावला की उघडतात." प्रस्तुत मार्गदर्शिका या तिसऱ्या महिन्यासाठी आहे.

दाजी एरवी कितीही चुकोत, इथं त्यांचं बरोबर आहे. कारखान्यात एकच गाडी अनेक देशांसाठी आणि अनेक खिशांसाठी बनते. प्रत्येक किमतीला वेगळा संगणक बसवण्यापेक्षा सगळ्यांत एकच बसवायचा आणि स्वस्त मॉडेलमध्ये त्यातलं काही झोपवून ठेवायचं, हे कंपनीला परवडतं. झोपवलेलं उठवायचेही पैसे घेता येतात. बीएमडब्ल्यूनं २०२२ साली काही देशांत गरम होणाऱ्या सीटचं महिन्याचं भाडं लावलं होतं. सीट गाडीत, सीटखालची तार गाडीत, पैसे भरून झालेले, फक्त बटण कंपनीच्या ताब्यात. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी कंपनीनं तो नाद सोडला. जालन्यात ही सोय मे महिन्यात गाडी उन्हात लावली की विनाशुल्क मिळते, त्यामुळे आपल्याकडे त्यावरून आंदोलन झालं नाही.

दडवलेलं शोधून काढण्याचा या शहराला अनुभवही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याची माणसं वऱ्हाडाच्या गाड्या करून जालन्यात आली. काचांवर 'राहुल वेड्स अंजली' असे स्टिकर. पोलाद, कापड आणि बांधकाम व्यवसायातल्या ठिकाणांवरून सुमारे ५८ कोटींची रोकड आणि ३२ किलो सोनं निघालं. त्या गाड्यांमध्ये कुठलं फीचर दडलंय हे गावाला कळेपर्यंत वऱ्हाड घरात शिरलं होतं. तुमची मोहीम त्यामानाने किरकोळ आहे, पण गुप्तता तेवढीच पाळा. विशेषतः वडिलांपासून.

आधी गाडी ओळखा

कोडिंगनं, म्हणजे लॅपटॉप लावून गाडीच्या संगणकातली मांडणी बदलण्यानं, फक्त तेच जागं होतं जे गाडीत मुळात बसवलेलं आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बेस मॉडेलला रिव्हर्स कॅमेराच नसेल, तर लॅपटॉप लावून मागचं दृश्य दिसणार नाही. मागे वळून बघावं लागेल, किंवा पोराला खाली उतरवून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायला लावावं लागेल.

बोलेरोवाल्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. बोलेरोत जे आहे ते सगळं दिसतं आणि जे दिसत नाही ते नाही. मारुतीवाल्यांनाही फार आशा लावत नाही. घरबसल्या उघडण्यासारखं तिथं थोडकंच असतं. खरी चंगळ आहे ती स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडी आणि बीएमडब्ल्यूवाल्यांची. यांचे संगणक बोलके आणि पर्याय शेकड्यांनी. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे येताना वाटेत शेंद्रा लागतं. तिथल्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, पुढे ऑडीही तिथेच जोडल्या जाऊ लागल्या. ज्या गाड्यांच्या पोटात शिरायला जगभरचे हौशी लोक रात्री जागवतात, त्यातल्या काही आपल्याच रस्त्यावर तयार झाल्या आणि आपण त्यांच्याकडे एसटीच्या खिडकीतून बघत आलो. जुन्या ऑक्टाव्हिया आता सेकंड हँड बाजारात आवाक्यात आल्या आहेत. सुटे भाग आवाक्यात आलेले नाहीत, पण तो विषय वेगळ्या मार्गदर्शिकेचा आणि वेगळ्या बँकेचा.

पोर्ट शोधणे

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास, सोळा छिद्रांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. वायरमन लोक "स्कॅनर लावायची जागा" म्हणतात, ते जास्त सोपं. ते बघण्यासाठी डोकं ब्रेकजवळ आणि पाय दाराबाहेर असं आसन घ्यावं लागतं. या आसनात कॉलनीतल्या माणसांनी "काय झालं, बंद पडली का?" असं विचारलं तर "नाही, फीचर काढतोय" असं उत्तर देऊ नका. चार जण थांबतात, आणि चौघांच्याही गाडीत काहीतरी काढायचं असतं.

हे सॉकेट मालकाच्या हौसेसाठी दिलेलं नाही. गाडी धूर किती सोडते यावर लक्ष राहावं म्हणून अमेरिकेनं १९९६ पासून ते सक्तीचं केलं आणि तशीच सक्ती आपल्याकडे २०१३ पासून आली. सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमधून ज्या दोन तारा जातात, त्यांवर गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीनं ही पद्धत १९८६ मध्ये मांडली. त्याआधी प्रत्येक दिव्याला, काचेला, सेन्सरला स्वतंत्र तार ओढावी लागे. आता दार उघडल्याची बातमी त्या दोन तारांवर पडते आणि जिला गरज आहे ती संगणकाची पेटी ती उचलते.

डोंगल

काही शे रुपयांत मिळणारा, या पोर्टमध्ये खोचायचा निळा ब्लूटूथ डोंगल सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्यात ईएलएम ३२७ नावाची चिप असते, किंवा असल्याचं सांगितलं जातं. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. तिची नक्कल भरपूर झाली. मूळ कंपनीनं २०२२ मध्ये दुकान बंद केलं, नकला मजेत चालू राहिल्या. बाजारातल्या बऱ्याच डोंगलांवर 'व्हर्जन १.५' छापलेलं असतं. मूळ कंपनीनं १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. जोडणीचा पासवर्ड बहुधा १२३४. एवढ्या चोख सुरक्षेमागे दहा-बारा लाखांची गाडी उभी आहे, हे मनात ठेवून पुढे जा.

या डोंगलनं चेक इंजिनचा दिवा का लागला ते वाचता येतं, आणि तेवढ्यासाठी तो घरात असावाच. "सेन्सर गेला" एवढ्या दोन शब्दांवर बिल मारणाऱ्याला तुम्ही पीनं सुरू होणारा पाच अक्षरी कोड नंबर म्हणून दाखवला की त्याचा आवाज लगेच खाली येतो. कोडिंगसाठी मात्र त्या-त्या कंपनीचं अवजार लागतं. फोक्सवॅगन घराण्यासाठी अमेरिकन व्हीसीडीएस किंवा लिथुआनियातून आलेलं ओबीडीइलेव्हन, बीएमडब्ल्यूसाठी बिमरकोड, फोर्डसाठी फोरस्कॅन. ही महाग पडतात. चार मित्रांत एक घ्यायचं ठरतं आणि ते कायम पाचव्याकडे असतं.

सुरुवात करण्यापूर्वी

बॅटरीला चार्जर लावा. इंजिन बंद आणि इग्निशन चालू असं अर्धा तास ठेवलं तर बारा व्होल्टची बॅटरी दम टाकते, आणि नेमकं लिहिणं चालू असताना ती बसली तर ती पेटी अर्धवट वाक्यावर अडकते. वीज कधी जाते याचा तुमच्या भागातला अंदाज घेऊन वेळ ठरवा. मुहूर्त काढायचाच असेल तर त्यासाठी काढा.

दुसरं, जुनं कोडिंग जसंच्या तसं लिहून घ्या. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलात तर उत्तम. तिथून कुठलीही गोष्ट कधीच नाहीशी होत नाही, शिवाय आत्या त्याखाली हात जोडल्याची खूण टाकतात.

आता अक्षरओळख. कोडिंगची ओळ म्हणजे ०४, ७एफ, सी० अशा जोड्यांची माळ. प्रत्येक जोडीला बाइट म्हणतात आणि तिच्यात आठ बिट असतात. हॉलमधला आठ बटणांचा बोर्ड समजा: प्रत्येक बटण एक तर चालू, नाहीतर बंद, आणि कोणत्या बटणानं काय पेटतं हे ज्यानं वायरिंग केलं त्यालाच ठाऊक. बटणांना उजवीकडून १, २, ४, ८ अशा किमती असतात. ०४ म्हणजे फक्त तिसरं चालू. चौथंही दाबलं की बेरीज बारा, पण इथे बारा लिहीत नाहीत. नऊ संपले की ए, बी, सी सुरू होतं, म्हणून ०४ चं ०सी होतं. हे एकदा डोक्यात बसलं की झालं. बसलं नाही तरी बिघडत नाही, अवजारच आजकाल मराठी माणसाची दया येऊन "चालू/बंद" असा पर्याय दाखवतं. इंग्रजीत.

काय उघडावं

काटे नाचवणे. चावी फिरवताच वेगाचा आणि आरपीएमचा काटा शेवटापर्यंत जाऊन परत येतो. उपयोग शून्य. नवशिक्यानं सर्वांत आधी हेच करावं, कारण यात बिघडण्यासारखं काही नाही आणि शेजाऱ्याला दाखवण्यासारखं सगळं आहे.

रिमोटनं काचा उतरवणे. आमच्या मते साऱ्या कोडिंगशास्त्राचं मराठवाड्यासाठीचं सार एवढंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मोंढ्यात दोन तास उभी राहिलेली गाडी भट्टी होते. अनलॉकचं बटण दाबून धरलं की लांबूनच चारही काचा खाली येतात आणि तुम्ही पोचेपर्यंत आतली वाफ निघून गेलेली असते. कित्येक गाड्यांत ही सोय असते, चालू केलेली नसते, आणि विकणाऱ्याला माहीतही नसते. याच घराण्यातली दुसरी सोय म्हणजे पाऊस आला की काचा आपोआप बंद होणं. त्यासाठी पावसाचा सेन्सर लागतो. आपल्याकडे त्या सेन्सरला भरपूर रजा मिळते.

उतरल्यावरही दिवे लागलेले राहणे. गाडी लॉक केल्यावर अर्धा-एक मिनिट हेडलाइट चालू राहतात, त्या उजेडात घरापर्यंत जाता येतं. युरोपात हे गॅरेजपासून दारापर्यंतच्या फरशीसाठी केलं होतं. शेतवस्तीवर राहणाऱ्या माणसाला त्याचं मोल कळतं; पावसाळ्यात पाय कुठे ठेवतोय ते दिसलेलं बरं असतं.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं हे फीचर उघडण्यापेक्षा बंद करण्याचीच मागणी जास्त. मामा चौकात गाडी थांबते, इंजिन गप्प होतं, आणि मागे बसलेले काका "बघ, मी म्हणत होतो डिझेल घे" म्हणतात. दर वेळी बटण दाबायचा कंटाळा आला तर काही गाड्यांत बॅटरीची मर्यादा वाढवून ठेवता येते. अमुक व्होल्टच्या वर बॅटरी असेल तरच इंजिन बंद कर, असा नियम असतो. तो अमुक आकडा कधीच गाठता येणार नाही इतका वर नेला की गाडी मुकाट्यानं चालू राहते. सरकारी योजनांचे निकष वाचलेल्या माणसाला ही युक्ती ओळखीची वाटेल.

बाकी बारीकसारीक: रिव्हर्स टाकताच डावा आरसा खाली झुकणं, ठरावीक वेगानंतर दारं लॉक होणं, वळताना त्या बाजूचा फॉग लॅम्प लागणं. जुन्या पोलो-रॅपिडमध्ये इंडिकेटरचा दांडा बदलून क्रूझ कंट्रोल चालू करणारे बरेच आहेत. समृद्धी महामार्गावर त्याचा उपयोग होतो. जालना-भोकरदन रस्त्यावर ज्यांनी करून पाहिला त्यांना आमचा नमस्कार.

टूं टूं

आता खरं सांगायचं तर कोडिंगवाल्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्यांना फीचर उघडायचं नसतं. त्यांना बेल्टचा आवाज बंद करून हवा असतो.

हा आवाज कंपनीची लहर नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग, मागचे सेन्सर, बेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा सक्तीचे झाले. म्हणून ताशी ८० च्या पुढे गाडी अधूनमधून टोकते आणि १२० च्या पुढे टोकणं थांबवत नाही. समृद्धीवर मोटारींची मर्यादाही १२० आहे, त्यामुळे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून जालनेकराला हा सूर पाठ झाला आहे. तो ऐकून वेग कमी करायला लावणारं माणूस आमच्या पाहण्यात आहे; ती चालकाची आई होती, मागे बसलेली.

बेल्टवर लोकांनी कोडिंगच्या आधीच तोडगा काढला होता. बेल्ट पाठीमागून नेऊन खोचायचा आणि त्यावर टेकून बसायचं. मग नुसती बकल विकत मिळू लागली, देवादिकांची चित्रं छापलेलीसुद्धा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात मागच्या सीटवर बेल्टविना गेले, तेव्हा देशभर चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांतून या क्लिपांच्या तेरा हजारांहून जास्त जाहिराती उतरवायला लावल्या. आता क्लिप दिसत नाही, म्हणून लॅपटॉपवाल्याकडे गर्दी.

करता येतं का? बऱ्याच गाड्यांत येतं. करावं का? करू नये, आणि इथे आम्ही थट्टा बाजूला ठेवतो. एअरबॅग ही बेल्टची मदतनीस म्हणून बनवलेली आहे. धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांशांत ती फुगते, आणि बेल्टनं न धरलेला माणूस तोवर तिच्या अंगावर जाऊन पडलेला असतो. बेल्ट न लावण्याचा दंड एक हजार आहे. आवाज नको असेल तर बेल्ट लावायला दोन सेकंद लागतात, त्याला डोंगल लागत नाही.

थोरांचा आदर्श

आपण चोरून काहीतरी करतोय अशी बोचणी लागली तर सप्टेंबर २०१५ आठवावा. जगातलं सर्वांत यशस्वी दडवलेलं फीचर तेव्हा उघडकीला आलं, आणि ते कोणा हौशी पोरानं नाही, फोक्सवॅगननंच घातलेलं होतं. डिझेल इंजिनाच्या संगणकाला प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे ओळखता येत असे. स्टिअरिंग हलत नाही, चाकं मात्र ठरलेल्या चालीनं फिरतायत, म्हणजे साहेब आलेत! साहेब असेपर्यंत गाडी सोवळी, रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट. शाळा तपासनीस येण्याच्या दिवशी फळा पुसणाऱ्या कुठल्याही गावाला ही कल्पना नवी नाही. फक्त जर्मनांकडून अपेक्षा नव्हती.

डिसेंबर २०१५ मध्ये भारतात ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. त्यात ८८,७०० स्कोडा होत्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एवढं झाल्यावर ग्राहकानं आपल्याच गाडीचे काटे नाचवले तर वॉरंटी जाते, असं कंपनीनं सांगावं, याला आमच्याकडे एक म्हण आहे, पण ती छापता येत नाही.

तरी कंपनीची बरोबरी करायला जाऊ नका. बीएस-सहा डिझेलवाल्यांना "डीपीएफ काढून टाकू, ॲव्हरेज वाढतं" असं सांगणारे वायरमन भेटतात. डीपीएफ धुरातली काजळी अडवतो आणि भरला की सुमारे सहाशे अंश तापमानात ती जाळून टाकतो. त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. गांधीचमन ते कादराबाद एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते कधीच घडत नाही, मग दिवा लागतो, मग वायरमन. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा समृद्धीवर जाऊन या. सासुरवाडी त्या दिशेला असेल तर एका खेपेत दोन कामं होतील. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' हा शब्द दोनदा वाचावा.

आणि मीटर मागे घेण्याबद्दल कोणी विचारलं तर सांगा, की जुन्या गाड्यांच्या बाजारात हे कोडिंग डोंगल येण्याआधीपासून चालतं. सव्वा लाख किलोमीटर धावलेली गाडी एका रात्रीत साठ हजारांची होते आणि "डॉक्टरांची होती, फक्त दवाखान्यात जायची" हे वाक्य तिच्यासोबत मोफत मिळतं. घेणारे असाल तर सर्व्हिसच्या नोंदी मागा, क्लचच्या पेडलचं रबर बघा. विकणारे असाल तर आमची मार्गदर्शिका तुमच्यासाठी नाही.

दारं बंद होत चालली आहेत

घाई करा, कारण हा धंदा फार दिवस चालणार नाही. जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत दोघा संशोधकांनी घरी बसून लांब महामार्गावर चाललेली जीप इंटरनेटवरून बंद पाडून दाखवली आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर पोर्टच्या आत आणखी एक दार आलं. वाचायला कोणालाही परवानगी, लिहायला कंपनीची. फोक्सवॅगनच्या नव्या पिढीत महत्त्वाच्या पेट्या कंपनीच्या सर्व्हरवरून नव्वद मिनिटांपुरत्या उघडतात. तेवढ्यात संभाजीनगरहून जालन्याला पोचता येतं, पण पर्याय कुठल्या पानावर आहे ते सापडत नाही. परक्यानं आत येऊ नये म्हणून कुलूप लावलं ते बरंच झालं; मालकालाही बाहेर ठेवलं, हे आम्हाला पटलेलं नाही.

शिवाय सर्व्हिस सेंटरनं सॉफ्टवेअर अपडेट मारलं की तुमची सगळी कमाई धुऊन जाते. गाडी घरी आल्यावर काटे नाचले नाहीत तर गळा काढू नका. फॅमिली ग्रुपवर वर सरकत जा, आत्यांच्या हात जोडल्याच्या खुणेवर फोटो सापडेल.

शेवटी नंबर पाठ करा. फोक्सवॅगन घराण्यात १७ म्हणजे मीटर, ०९ म्हणजे दिवे-वायपरची पेटी, ४६ म्हणजे काचा-कुलपांची. या तिघींशी सावकाश, एका वेळी एकच बदल करून खेळा. ०३ ब्रेकची, ४४ स्टिअरिंगची, १५ एअरबॅगची. दाजी कितीही म्हणोत, या उघडायच्या नाहीत. काम झालं की डोंगल काढून खिशात घाला. गाडी बंद असली तरी सोळा नंबरच्या पिनला चोवीस तास वीज असते, आणि आठ दिवस गावाला जाऊन आल्यावर बॅटरी बसलेली सापडू शकते.